एका वाटीतला गोग्रास

गाईच्या ढेकरानं आभाळ तापतं, हे पद्मीनबाईंना वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी कळलं, आणि कळलं त्या दिवशी त्या तोंडाला पदर लावून पोटभर हसल्या.

"म्हंजे मॅडम, आमच्या देवणीनं हितं ढेकर दिला की तिकडं हिमालयातला बर्फ पाघळतो म्हना की!"

"थेट तसं नाही, मावशी," डॉ. रेवती सोनटक्केलाही हसू आवरेना, "पण अगदीच खोटंही नाही."

उदगीरच्या दक्षिणेला तांबरवाडीच्या माळावर देवणी गाईंचं संशोधन केंद्र होतं. पद्मीनबाई नागरगोजे तिथे एकोणीस वर्षं वासरं सांभाळत होत्या. रेवती पाच वर्षांपूर्वी नाशिकहून आली, तेव्हा गाईच्या पोटात काय काय चालतं ते तिला सगळं ठाऊक होतं. पण समोरून गाय येत असताना कोणत्या बाजूला सरकायचं, हे माहीत नव्हतं. ते पद्मीनबाईंनी शिकवलं. त्याची परतफेड म्हणून रेवतीनं त्यांना गाईचं पोट उलगडून दाखवलं, कागदावर.

"गाईच्या पोटाला चार कप्पे. पहिला सगळ्यात मोठा. त्याला कोठीपोट म्हणतात. पण खरं तर तो आंबवणाचा रांजण आहे, मावशी. कडबा माणसाला पचत नाही, तसा गाईलाही पचत नाही. पचवतात ते या रांजणातले जीव. डोळ्यांना न दिसणारे, अब्जावधी. ते कडबा आंबवतात, त्यातून गाईला ताकद मिळते. आंबवताना हायड्रोजन सुटतो. आणि त्याच रांजणात राहणारी दुसरी एक जात तो हायड्रोजन खाऊन मिथेन तयार करते. तो मिथेन गाय ढेकरातून बाहेर टाकते. हवेत तो दहा-बारा वर्षं टिकतो, आणि टिकतो तोवर धुराड्यातल्या वायूपेक्षा कितीतरी पटीनं उष्णता धरून ठेवतो."

"आन् गाईला काय मिळतं त्यातून?"

"काही नाही. उलट खाल्लेल्या चाऱ्यातली शक्ती, शंभरातले सहा-सात भाग, नुसती वाऱ्यावर जाते."

पद्मीनबाईंचं हसू मावळलं. "मग त्या बिचारीचंच नुकसान की वो," त्या म्हणाल्या.

रेवतीनं मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. जगभरच्या परिषदांतून तिनं मिथेनवर कितीतरी भाषणं ऐकली होती. गाईला बिचारी म्हणणारं माणूस तिला पहिल्यांदाच भेटत होतं.

सन दोन हजार एक्केचाळीस चाललं होतं. त्याआधी तीन वर्षांपासून दुधाला हवेचा दाखला लागू झाला होता. एक लिटर दुधामागे गाय किती मिथेन सोडते ते मोजायचं. ठरल्या मर्यादेपेक्षा जास्त भरलं, तर डेअरी ते दूध घेत नसे. नियम वाईट हेतूनं केलेला नव्हता. उन्हाळे खरोखरच सोसेनासे झाले होते. पण या मापात देवणी अडकली. संकरित गाय पंचवीस लिटर दूध देते, तिचे ढेकर पंचवीस वाट्यांत विभागले जातात. देवणी खाते थोडं, दुष्काळात तगून राहते, उन्हात तिला धाप लागत नाही. पण दूध देते पाच लिटर. तिच्या ढेकरांना वाटेकरीच कमी. गावोगावचे देवणीचे गोठे मोडत चालले होते. तांबरवाडीचं केंद्र त्यातलं शेवटचा मोठा कळप सांभाळून होतं, आणि रेवतीच्या प्रयोगातून काही निघालं नाही तर तेही बंद होणार, हे कागदावर लिहून आलं होतं.

रेवतीचा उपाय ऐकायला साधा होता. वासरू जन्मतं तेव्हा त्याचं कोठीपोट रिकामं असतं. रिकाम्या घरात जो आधी बिऱ्हाड थाटतो, त्याचंच ते घर होतं. केंद्रातल्या एका म्हाताऱ्या वानेऱ्या, म्हणजे पांढऱ्या अंगाच्या नि काळ्या तोंडाच्या, गाईच्या पोटात रेवतीला एक वेगळीच जात सापडली होती. तीही हायड्रोजन खायची, पण मिथेन न करता त्याचं गाईला वापरता येईल असं आम्ल बनवायची. त्या जीवांची वाढ करून ते थेंब पहिल्या तीन आठवड्यांत वासराला पाजायचे, म्हणजे मिथेनवाल्यांना पुढे जन्मभर जागाच मिळणार नाही. शास्त्रीय नाव लांबलचक होतं. केंद्रात सगळे त्याला घुटी म्हणू लागले.

जेठ सरता सरता चोवीस कालवडी जन्मल्या. गोठ्याच्या लाल कप्प्यात बारा, निळ्या कप्प्यात बारा. एका कप्प्याला घुटी, दुसऱ्याला त्याच रंगाचं नुसतं पाणी. कोणत्या कप्प्याला काय, हे संगणकात बंद. रेवतीलाही ठाऊक नाही. दोन कप्प्यांमध्ये दुहेरी कुंपण, बादल्या निराळ्या, खराटे निराळे, आणि एकीकडून दुसरीकडे जाताना पाय बुडवायला औषधी पाण्याची हौदी.

"मावशी, इकडचं तिकडे काही जाता कामा नये. ठरवून दिलेल्या चाऱ्याशिवाय दुसरा चारा नाही."

"कळलं वो. हे तुमचं शास्त्राचं सोवळं हाय," पद्मीनबाई म्हणाल्या, आणि तसंच कडकडीत पाळू लागल्या. लाल कप्प्यातला खराटा एकदा चुकून निळ्या कप्प्याच्या कुंपणाला टेकला, तर त्यांनी तो स्वतः जाऊन जाळला.

आषाढी एकादशीला पद्मीनबाईंनी चातुर्मासाचा नेम धरला. दरवर्षी त्या काही ना काही धरत. कधी मीठ सोडत, कधी तुळशीला लक्ष प्रदक्षिणा घालत. या वर्षी कारण मोठं होतं. त्यांची सून शिवकांता दोनदा अर्धवट दिवसांतच मोकळी झाली होती, आणि आता तिसऱ्यांदा तिला सातवा महिना लागला होता. पद्मीनबाईंनी देवापुढे हात जोडून मनात म्हटलं, चार महिने रोज गोग्रास देईन, वासराच्या मुखी घास गेल्याशिवाय पाणी पिणार नाही; माझ्या सुनेची कूस भरू दे. नेम मनातच धरला. नेम बोलून दाखवला की त्याचं फळ वाऱ्यावर जातं, असं त्यांच्या आईनं शिकवलं होतं.

रोज उजाडताना त्या केंद्रात येत. पदराखाली एक ज्वारीची भाकरी आणि एक पितळी वाटी. पहिल्या दिवशी त्यांनी भाकरी एकाच कालवडीला द्यायचं ठरवलं होतं. पण बाजूच्या तेवीस जणी माना लांब करून बघत राहिल्या. एकीच्या तोंडात घास आणि बाकीच्या उपाशी, हा कुठला धर्म? मग त्यांनी भाकरी वाटीतल्या पाण्यात कुस्करली आणि बोटानं चिमूट चिमूट प्रत्येकीला चारली. एवढ्या लहान वासरांना चावता कुठे येतं. ती बोटच चोखतात. पद्मीनबाई बोट वाटीत बुडवत, पुढच्या तोंडात देत, पुन्हा बुडवत. लाल कप्पा संपला की हौदीत पाय बुडवून निळ्या कप्प्यात जात. पाय बुडवायला एक दिवसही चुकल्या नाहीत. हात मात्र त्या रोज पहिला घास देण्याआधी एकदाच धूत. एका पंगतीत वाढताना मधे कुणी हात धुतं का?

कॅमेरे सगळं बघत होते. कोणत्या बादलीतून किती चारा गेला, कोणत्या कालवडीनं किती वेळ रवंथ केला, सगळं ते लिहून ठेवत. म्हातारीचा हात वासराच्या तोंडाशी गेला, की त्यांच्या यादीत रोज एकच नोंद पडे: हाताळणी, सामान्य.

नेम एकही दिवस चुकला नाही. कोजागिरीच्या आदल्या संध्याकाळी शिवकांताला मुलगी झाली, गुटगुटीत, खणखणीत रडणारी. दवाखान्यात पद्मीनबाई जागरण करून होत्या. तिथूनच त्या पहाटे केंद्रात आल्या, गोग्रास दिला आणि मगच परत जाऊन नातीला मांडीवर घेतलं. तिचं नाव भार्गवी ठेवलं. कार्तिकी एकादशीला नेम पुरा झाला. त्या दिवशी त्यांनी चोवीसही कालवडींच्या कपाळाला हळद-कुंकू लावलं. उद्धव वाघमारे, जो पलीकडच्या गोऱ्ह्यांचा गोठा सांभाळायचा, तो कुंपणापलीकडून ओरडला, "काकू, सगळ्या पोरी नटविल्या, माझी पोरं कामून उघडी ठिवली?"

"तुझ्या पोरांच्या गोठ्याला कुलूप लावून किल्ली कमरेला बांधतोस, आन् मलाच इचारतोस?"

"वळूचा वंश हाय काकू. देशमुखाच्या घरची लेकरं हायेत, वाऱ्याला ठिवता येत नाहीत!"

पौषात मोजणी पुरी झाली. कालवडी सहा महिन्यांच्या झाल्या होत्या. चारा खाताना ज्या खोक्यात त्या डोकं घालत, तिथलं यंत्र त्यांचा श्वास ओढून घेऊन मिथेन मोजत असे. मुख्य कार्यालयातून डॉ. मिरजगावकर आले, कमी बोलणारे, चष्मा सतत पुसणारे गृहस्थ. संगणकातला बंद लखोटा उघडला गेला. लाल कप्प्याला घुटी होती, निळ्याला पाणी.

लाल कप्पा, दिवसाला सरासरी साठ ग्रॅम. निळा कप्पा, एकसष्ट.

"फरक नाही," मिरजगावकर म्हणाले.

"सर, पण दोन्ही कप्पे कमी आहेत. देवणीचं वासरू या वयात पंचाऐंशीच्या पुढे जातं."

"ते आकडे जुन्या यंत्राचे. तुमच्याच अहवालात लिहिलंय, जुन्या-नव्याची तुलना करू नये म्हणून. दोन्ही कप्प्यांत एकच आकडा, याचा अर्थ घुटी दिली काय न दिली काय, सारखंच." त्यांनी चष्मा पुसला. आवाजात कठोरपणा नव्हता, त्यामुळे जास्तच लागलं. "आठवडाभर मी इथेच आहे. काही सापडलं तर सांगा. नाहीतर कळप वाटून द्यावा लागेल."

ते गेल्यावर रेवती वासरांच्या गोठ्यात येऊन पेंढीवर बसली. पद्मीनबाईंनी न विचारता तिच्या हातात ताकाचा पेला दिला.

"मावशी, एक विचारते. या दोन कप्प्यांना ठरल्याशिवाय दुसरा काही चारा कुणी दिला होता?"

"नाय वो. चारा कोन देनार? मी हाय की हितं."

त्या खरंच सांगत होत्या. त्यांच्या लेखी गोग्रास हा चारा नव्हताच. चारा भुकेसाठी असतो. गोग्रास देवासाठी असतो.

"मग कसं झालं असेल?" रेवती स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली. "एकच वाट दिसते मला. हे जीव म्हणजे विरजण असतं, मावशी. तुम्ही दह्याच्या भांड्यात बोट बुडवलंत आणि तेच बोट दुधाच्या भांड्याला लावलंत, तरी सकाळी त्याचं दही होतं. वासराचं पोट रिकामं असताना तर तेवढंही पुष्कळ झालं. पण बोट जाणार कुठून? मधे दुहेरी कुंपण आहे!"

पद्मीनबाईंनी आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. मग तो हात त्यांनी हळूच पदराखाली घेतला.

घरी आल्या तेव्हा उन्हं कलली होती. शिवकांता अंगणात भार्गवीला तेल लावत होती. पद्मीनबाई उंबऱ्यावर टेकल्या आणि एका दमात त्यांनी सुनेला सगळं सांगितलं. आधी नेमाचं, मग वाटीचं, मग रेवतीच्या प्रश्नाचं.

शिवकांताचे तेलाचे हात जागच्या जागी थांबले. "आत्या, माझ्यासाठी धरला व्हता नेम?"

"आता तुला सांगितला. तू घरची. पर तिथं सांगितला तर..." त्या बाळाकडे बघत राहिल्या. "दोनदा गेलं, शिवकांता. तिसऱ्यांदा देवानं दिलंय. मी माझ्या तोंडानं नेम उघडा केला, आन् त्याचं फळ माघारी गेलं तर?"

"मग नका सांगू," शिवकांता पटकन म्हणाली. बाळाला तिनं पोटाशी घेतलं. "तुमची नोकरीबी जाईल. आन् सांगून काय व्हनार हाय? त्यांचा पाच वर्सांचा परयोग तुमच्या बोटानं नासला, हेच कळंल ना त्यास्नी?"

"व्हय. तेच कळंल."

बाळ मूठ चोखत होतं. पद्मीनबाईंनी दिवा लावला, हात जोडले, पण ओठांवर रोजचं स्तोत्र येईना. देवापुढे उभं राहून एखादी गोष्ट लपवायची म्हणजे काय, याचा त्यांना आजवर अनुभव नव्हता. नेम गुप्त ठेवायचा असतो. चूकसुद्धा त्याच्याच आडोशाला ठेवायची असते का? त्यांना रेवतीचं पेंढीवर बसलेलं रूप दिसलं. मग चोवीस कालवडींच्या दावणी दिसल्या, रिकाम्या.

मागून शिवकांता आली. तिनं भार्गवीला सासूच्या हातांत दिलं.

"आत्या, नेम माझ्यासाठी व्हता ना? मग मीच तुमाला मोकळं करते. जावा आन् सांगा. देव काय इतका कोता हाय का, की खरं बोललं म्हनून दिलेलं लेकरू माघारी नेईल?" ती म्हणाली, "तसा असता, तर त्यानं तुमच्या वाटीतनं इतकी लेकरं जेवू घातलीच नसती."

पद्मीनबाईंनी नातीच्या टाळूला ओठ टेकले. सून त्यांच्याहून तीस वर्षांनी लहान होती, पण त्या क्षणी त्यांना वाटलं, आपण हिच्या पाया पडावं.

दुसऱ्या दिवशी त्या रेवतीच्या खोलीत गेल्या आणि उभ्यानंच सांगितलं. किती दिवस, किती भाकरी, कोणतं बोट. रेवतीचा चेहरा पांढरा पडत गेला.

"एकशे अठरा दिवस?"

"एकशे अठरा. एक खाडा नाय."

"मावशी, मी तुम्हाला काल विचारलं होतं! समोर बसून विचारलं होतं!"

"तुमी चारा इचारला, मॅडम. मला खरंच सुचलं न्हाई. मला तो चारा वाटतच नव्हता." त्यांनी हात जोडले. "मी तुमचं नासवलं. जी शिक्षा असंल ती द्या. पर त्या मुक्या जनावरांना माझ्यापायी वाटून टाकू नका."

रेवती खिडकीशी जाऊन पाठमोरी उभी राहिली. मग तिनं कॅमेऱ्याच्या नोंदी उघडल्या. रोज पहाटे, एकशे अठरा वेळा: हाताळणी, सामान्य. चित्र मोठं केलं तेव्हा वाटी दिसली. आधी लाल कप्पा, मग हौदीत पाय, मग निळा कप्पा. रोज त्याच क्रमानं.

"आधी लाल," ती पुटपुटली. तिनं वळून पाहिलं तेव्हा तिच्या डोळ्यांत राग होता, पाणी होतं आणि आणखीही काहीतरी होतं. "मावशी, निळ्या कप्प्यातल्या कालवडींच्या पोटात घुटीचे जीव आहेत का, हे आम्ही बघितलंच नाही हो. जिथे ठेवलंच नाही तिथे कोण शोधतं?"

त्याच दुपारी बाराही निळ्या कालवडींच्या कोठीपोटातला रस नळीनं काढून तपासायला पाठवला. बाराही जणींमध्ये त्या म्हाताऱ्या वानेऱ्या गाईचे जीव नांदत होते. कुणी घुटी दिलेली नव्हती. एका बोटावरून ते आले होते आणि बिऱ्हाड थाटून बसले होते.

मिरजगावकरांनी अहवाल दोनदा वाचला. "म्हणजे दोन्ही कप्प्यांना घुटी मिळाली, असं तुमचं म्हणणं. मग ज्यांना मिळालीच नाही अशी वासरं कुठायत, याच वयाची, याच चाऱ्यावरची?"

दाराशी पेंडीचं पोतं घेऊन उभा असलेला उद्धव खाकरला. "साहेब, माझी पोरं हायेत की. पाच गोऱ्हे. ह्या काकूंनी त्यांना कवा बोट लावलं न्हाई. मीच लावू दिलं न्हाई."

पाच गोऱ्हे त्याच यंत्रापुढे आणले गेले. आठवडाभर मोजणी झाली. सरासरी अठ्ठ्याऐंशी.

"पाच गोऱ्हे म्हणजे पुरावा नव्हे," मिरजगावकर म्हणाले. "नर आहेत, गोठा वेगळा आहे. ही नुसती शंका झाली." त्यांनी चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला, आणि पद्मीनबाईंकडे पाहिलं. "पण शंका फार चांगली आहे. एक वर्ष देतो. या वेळी तीन कप्पे करा. पहिल्यात सगळ्यांना घुटी. दुसऱ्यात फक्त एकीला घुटी, आणि बाकीच्यांना यांच्या वाटीतला घास. तिसऱ्याला काहीच नाही. आणि बाई, तुम्ही चूक केलीत. मोठी चूक. पण लपवली असतीत, तर आम्ही त्याहून मोठी केली असती."

पद्मीनबाईंनी साहेबांना नमस्कार केला, आणि मग उद्धवलाही केला. उद्धव एवढा गोंधळला की त्याच्या हातातलं पोतं खाली पडलं.

पुढल्या आषाढात पद्मीनबाईंचा गोग्रास सरकारी कागदावर चढला. एक ज्वारीची भाकरी, एक वाटी पाणी, उजव्या हाताची तर्जनी. उद्धव म्हणायचा, "काकू, तुमचं बोट आता यंत्र झालं. त्याला तेलपाणी करत जावा!" दुसऱ्या कप्प्यात त्या रोज पंगत वाढत. त्यात अवघड काहीच नव्हतं.

अवघड होता तिसरा कप्पा. तिथल्या आठ कालवडींना त्यांनी उघड्या हातानं शिवायचं नव्हतं. त्यांतली एक शेवरी, अंगभर काळे ठिपके असलेली, जन्मताच आईविना झालेली. तिला दूध पाजायचं ते रबरी हातमोजा घालून, बाटलीनं. बाटली संपली की ती मान वर करायची आणि जीभ काढून पद्मीनबाईंचा हात शोधायची. पहिल्या आठवड्यात एकदा पद्मीनबाई तशाच मागे सरकल्या आणि कुंपणाशी उभ्या राहून रडल्या. रेवतीनं ते पाहिलं.

"मावशी, दुसऱ्या कुणाला नेमू का या कप्प्यावर?"

"नगं." त्यांनी डोळे पुसले. "मॅडम, औंदा मी हाच नेम धरलाय. न देन्याचा. द्यायचा नेम सोपा असतो वो, देताना आपल्यालाच गोड वाटतं. ह्यो लई कडक हाय." मग थोडं थांबून म्हणाल्या, "औंदा बोलून दाखवते तुमाला. मला सुनेनं शिकवलं, बोलून दाखवलं तरी चालतं."

घरी भार्गवी रांगायला लागली होती. ती तापली की पद्मीनबाई रात्रभर उशाशी बसायच्या. पण ताप उतरायचा, आणि त्या देवापुढे जाऊन नुसतं उभ्या राहायच्या. मागणं काही उरलंच नव्हतं. आभार मानायलाही शब्द अपुरे पडत, म्हणून त्या उभ्या राहत.

पौष आला. तिन्ही कप्प्यांची मोजणी झाली. घुटीचा कप्पा एकोणसाठ. पंगतीचा कप्पा, जिथे एकाच कालवडीला घुटी दिली होती, साठ. तिसरा कप्पा शहाऐंशी. मिरजगावकरांनी फोनवर आकडे ऐकले, आणि पुन्हा एकदा सांगायला लावले. मग ते म्हणाले, "म्हणजे गोठ्यातल्या एका वासराला दिलं तरी पुरतं." खेड्यापाड्यांतल्या गोठ्यांत प्रत्येक वासरासाठी शीतपेट्या, बाटल्या पोचवायची गरज उरली नव्हती. एक वासरू, आणि त्याच्याबरोबर खाणारी-पिणारी भावंडं, इतकं असलं की झालं.

रेवती गोठ्यात आली तेव्हा पद्मीनबाई तिसऱ्या कप्प्यासमोर हात मागे बांधून उभ्या होत्या. सवयच लागली होती.

"मावशी, झालं. संपला प्रयोग." रेवतीनं कुंपणाची कडी काढली. "आता उघडं करायचं सगळं. या वयात नवं बिऱ्हाड बसेल की नाही, मलाही ठाऊक नाही. पण यांना जी वासरं होतील त्यांना तरी मिळेलच. आणि आता तुम्ही हात लावू शकता."

पद्मीनबाईंनी हळूच हात पुढे केला. उघडा, उजवा. शेवरी जवळ आली, तिनं बोटं हुंगली. मोज्याविना त्या हाताच्या वासाची तिला ओळखच नव्हती. तेवढ्यात मधल्या कप्प्यातली एक गुबगुबीत कालवड उघड्या वाटेनं आत शिरली. शेवरीनं पद्मीनबाईंचं बोट सोडलं, वळून तिच्या तोंडाला तोंड लावलं आणि तिचे ओले ओठ चाटू लागली. दुसरी आली, तिसरी आली. गर्दी झाली.

"हिला माझी गरजच न्हाई की वो," पद्मीनबाई म्हणाल्या.

"वाईट वाटलं का?"

"वाईट?" त्या मागे सरकल्या, वासरांना जागा करून दिली. "मॅडम, देवानं काम माझ्या हातून काढून त्यांच्या तोंडी दिलं. याहून बरं काय व्हनार?"

वासरं एकमेकांना चाटत होती. पद्मीनबाईंनी हात जोडले आणि ते तसेच राहू दिले.